सोल की बुसान? आधी मालक कोण ते विचारा!

इंदूरहून एका वाचक भगिनींचं पत्र आलंय. त्यांचे धाकटे बंधू बरीच वर्षं टोरांटोत आहेत. भाची तिथंच जन्मली, तिथंच शिकली. पासपोर्ट कॅनडाचा, वय 23, हातात नवीकोरी पदवी. या मुलीनं ठरवलंय, वर्षभर दक्षिण कोरियात जाऊन मुलांना इंग्रजी शिकवायचं. इथवर सगळं ठीक. पण अर्जात एक रकाना आहे : 'पसंतीचं शहर'. त्या एका रकान्यापायी घरात तीन पक्ष पडलेत. वडील म्हणतात सोल, राजधानी ती राजधानी. मुलगी म्हणते बुसान, कारण तिथं समुद्र आहे. आणि आई म्हणते, जिथं तूरडाळ मिळेल तिथं जा, बाकीचं मला काही कळत नाही! आत्याबाई विचारतात, 'पोर एकटी जाणार. आम्ही इथं बसून काय सल्ला द्यावा?'

प्रश्न एका घरचा असला तरी उत्तर अनेकांच्या उपयोगी पडेल. अमेरिका, ब्रिटन, कॅनडा, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड, आयर्लंड आणि दक्षिण आफ्रिका या सात देशांच्या पदवीधर नागरिकांना कोरिया इंग्रजी शिकवण्यासाठी 'ई-2' नावाचा व्हिसा देतो. यातल्या पहिल्या पाच देशांत मराठी घरं काही कमी नाहीत. कुणाची भाची, कुणाचा पुतण्या, कुणाची नात यंदा नाही तर पुढच्या वर्षी हाच रकाना भरायला बसणार आहे. भारतीय पासपोर्टवाल्यांसाठीही एक खिडकी किलकिली आहे. तिच्याविषयी पुढे सांगतो.

आधी नकाशा समोर घ्या. दक्षिण कोरिया आकारानं महाराष्ट्राचा एक तृतीयांश. लोकसंख्या पाच कोटींच्या थोडी वर. त्यातली निम्मी माणसं सोल, त्याला चिकटलेलं इंचन आणि भोवतालचा ग्यॉन्गी प्रांत एवढ्याच जागेत दाटीवाटीनं राहतात. बाकीच्या देशात बुसान, देगू, देजॉन, ग्वांगजू, उल्सान ही मोठी शहरं आणि मग लहान शहरं, गावं. वायव्येला सोल, आग्नेयेच्या टोकाला बुसान. दोन्हींमधलं अंतर साधारण मुंबई ते कोल्हापूर एवढं. 2004 पासून धावणारी केटीएक्स ही वेगवान गाडी ते अडीच-पावणेतीन तासांत कापते. तिकीट साठेक हजार वॉन. रुपयाला सोळा वॉनचा हिशेब धरला तर पावणेचार हजार रुपये. सांगायचा मुद्दा हा की, कुठंही राहिलं तरी सोल शनिवार-रविवारच्या टप्प्यात येतं. तेव्हा 'सोलला राहिलो नाही तर कोरिया पाहिलाच नाही' ही धास्ती आधी मनातून काढून टाका.

आता मुख्य गोष्ट. नवा शिक्षक शहर निवडतो, हे अर्धंच खरं आहे. कोरियात इंग्रजी शिकवण्याच्या नोकऱ्या मुख्यतः दोन जातींच्या. एक सरकारी शाळांमधली. त्यासाठी 1995 पासून 'एपिक' नावाची सरकारी योजना चालते. दुसरी खासगी शिकवण्यांमधली. या शिकवण्यांना तिथं 'हागवॉन' म्हणतात. आपल्याकडचे लातूर-कोटाचे क्लासेस डोळ्यांसमोर आणा. फरक इतकाच की, तिथं ते बालवाडीच्या पोरांपासूनच सुरू होतात.

सरकारी योजनेच्या अर्जात शहराची पसंती लिहायची असते, पण ती पसंतीच, हक्क नव्हे. सोल आणि बुसानच्या जागा सगळ्यांनाच हव्या असतात. साहजिकच त्या लवकर भरतात, आणि उशिरा अर्ज करणाऱ्याच्या वाट्याला उरलेलं येतं. करार होतो तो त्या शहराच्या किंवा प्रांताच्या शिक्षण कार्यालयाशी. नेमकी शाळा कुठली, हे बहुधा अगदी शेवटी, तिथं पोचल्यावरच्या प्रशिक्षणाच्या सुमारास कळतं. म्हणजे 'उत्तर ग्यॉन्गसांग प्रांत' एवढंच हातात आलं, तर ते पोहांगसारखं लाखांच्या वस्तीचं शहर निघू शकतं, किंवा डोंगरातलं एखादं गाव, जिथून संध्याकाळची बस चुकली की रात्र तिथंच!

हागवॉनचं उलट. जाहिरातीतच शहर, वस्ती, कधी कधी जवळचं मेट्रो स्टेशनसुद्धा दिलेलं असतं. शहर तुमच्या हातात. पण मालक? उत्तम हागवॉनही पुष्कळ आहेत. शिक्षकांना वेळेवर पगार देणारे, नीट वागवणारे. तसेच पगार लांबवणारे, सुट्टी नाकारणारे, आणि विद्यार्थी कमी झाले की एके दिवशी शटर ओढणारेही आहेत. आणि ई-2 व्हिसा त्या मालकाशी बांधलेला असतो. करार संपायच्या आत नोकरी बदलायची तर साधारणपणे त्याच मालकाचं संमतिपत्र लागतं. एक वर्ष पुरं केलं की कायद्यानं एका महिन्याचा पगार वेगळा द्यावा लागतो. तो चुकवण्यासाठी शिक्षकाला अकराव्या महिन्यात घरी बसवल्याच्या तक्रारी कोरियात नव्या नाहीत.

थोडक्यात, सरकारी शाळेत मालक पक्का, शहर नशिबावर. हागवॉनमध्ये शहर पक्कं, मालक नशिबावर. पहिल्याच वर्षी, परक्या मुलखात, भाषा येत नसताना कोणतं नशीब आजमावायचं? माझं मत स्पष्ट आहे : शहराचं. नावडत्या शहरातून शनिवारी बाहेर पडता येतं, नावडता मालक सोमवारी सकाळी समोर हजर असतोच.

वेळेचंही बघा. सरकारी शाळेत सकाळी साडेआठ-नऊच्या सुमारास जायचं आणि संध्याकाळी पाचच्या आत मोकळं. दिवसाचे आठ तास, त्यात आठवड्याला जास्तीत जास्त 22 तासिका. मोठ्या मुलांच्या हागवॉनमध्ये दिवस दुपारी एक-दोनला सुरू होतो आणि रात्री नऊ-दहाला संपतो, कारण मुलं शाळा सुटल्यावरच येणार ना! सोलमध्ये हागवॉन रात्री दहाला बंद करण्याचा नियम आहे, यावरूनच काय ते समजा. आता सांगा, रात्री दहाला सुटणाऱ्या माणसाला सोलच्या राजवाड्यांचा आणि नाट्यगृहांचा उपयोग किती? शहर हौसेनं निवडायचं आणि त्याचं तोंड फक्त रविवारी बघायचं, असं होतं.

पैशाचा हिशेब मात्र लोक उगाच गुंतागुंतीचा करतात. 'सोल महाग, तिथं पैसे उरत नाहीत,' असं सर्रास ऐकू येतं. ते भाडेकरूसाठी खरं आहे. नव्या शिक्षकाला सहसा शाळा किंवा हागवॉन राहायला खोली देतो. सामानसुमानासह एक खोली, तिथल्या भाषेत 'वन-रूम'. वीज, गॅस, पाणी तेवढं आपलं. म्हणजे भाड्याचा फटका तुम्हाला बसत नाही, पण तो मालकाला बसतो. म्हणून तो काय करतो? सोलमध्ये त्याच पैशात लहान किंवा लांबची खोली घेतो. तोच मालक देगूत किंवा देजॉनमध्ये ऐसपैस खोली देऊ शकतो. शहराची महागाई पगारातून नाही, खोलीच्या चौरस फुटांतून कळते!

खोलीऐवजी रोख भत्ता घेण्याची सोय काही ठिकाणी असते. पहिल्या वर्षी त्या वाटेला जाऊ नका. कोरियात साधी एक खोली भाड्यानं घ्यायची तरी घरमालक अनामत मागतो. पन्नास लाख ते एक कोटी वॉन, म्हणजे तीन ते सहा लाख रुपये, हा काही अवाच्या सवा आकडा समजला जात नाही. त्याहून मोठी, भाड्याऐवजी सगळी रक्कम एकदम ठेवायची 'जोन्से' पद्धतही तिथं आहे. त्या पद्धतीत 2022-23 मध्ये इंचन आणि इतरत्र हजारो भाडेकरूंच्या ठेवी बुडाल्या. ते बहुतेक तिथलेच लोक होते, भाषा-कायदा जाणणारे. मग परक्याची काय कथा.

खोली देत असतील तर एक गोष्ट निक्षून विचारा : ती तळघरात तर नाही ना? सोलमध्ये अर्धी जमिनीखाली असलेली स्वस्त घरं असतात. 'पॅरासाइट' हा 2019 चा चित्रपट ज्यांनी पाहिला त्यांना सांगायला नको. ऑगस्ट 2022 च्या अतिवृष्टीत अशाच एका घरात पाणी शिरून एकाच कुटुंबातली तीन माणसं बुडाली. एकट्या मुलीनं राहायचं तर वरचा मजला, दाराला आकड्यांचं कुलूप, खाली कॅमेरा असलेली इमारत, एवढं मागायला संकोच करू नये. रस्त्यावर रात्री फिरण्याच्या बाबतीत कोरिया बऱ्याच देशांहून निर्धास्त आहे. पण छुप्या कॅमेऱ्यांचा त्रास तिथं एवढा वाढला होता की, 2018 मध्ये हजारो बायका सोलच्या रस्त्यावर उतरल्या. लेकीला हेही सांगून ठेवावं.

आता एकेका शहराकडे वळू.

सोलची वस्ती 90 लाखांहून जास्त. जुने राजवाडे, शहराच्या हद्दीतच डोंगर, आणि मेट्रोचं असं जाळं की मुंबईकरालाही हेवा वाटावा. भारतीय वकिलात इथेच. इतेवॉन या भागात 1976 साली उभी राहिलेली मोठी मशीद, तिच्या आसपास परदेशी किराणा आणि भारतीय हॉटेलं. टोरांटोच्या आईसाहेबांची तूरडाळ इथं हमखास. पण सोलचा तोटा त्याच्या फायद्यातच दडलाय. इंग्रजी बोलणारे परदेशी इतके भेटतात की, वर्षभर राहूनही कोरियन भाषेची चार वाक्यं येत नाहीत. शिवाय 'सोलजवळ' असं लिहिलेल्या जाहिरातीपासून सावध राहा. आपल्याकडे 'मुंबईपासून हाकेच्या अंतरावर' म्हणून कर्जतचे प्लॉट विकतात ना, तसंच. 'सोलजवळ' म्हणजे अर्ध्या तासावरचं बुंदांग असू शकतं आणि साठ-सत्तर किलोमीटरवरचं प्यॉन्गतेकही.

सोलजवळच्या गावांमध्ये सुवॉन मात्र लक्षात ठेवण्यासारखं. अठराव्या शतकातला किल्ला शहराच्या मधोमध, 1997 पासून जागतिक वारसा यादीत. सॅमसंगचं मुख्य ठाणं इथं असल्यामुळे भारतीय इंजिनियर कुटुंबंही आहेत. दिवाळीला एकटं वाटायला नको असेल तर हे गाव बरं.

बुसान म्हणजे 32-33 लाखांचं बंदर. हेउंदेचा किनारा, जागालचीचा मासळी बाजार, 1996 पासून भरणारा आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव. हिवाळा सोलपेक्षा कितीतरी सौम्य. जानेवारीच्या रात्री सोलमध्ये पारा शून्याखाली पाच-सात अंश सहज जातो, लाट आली तर दहा-पंधरा. बुसानला शून्याच्या आसपासच घुटमळतो. मुलीची निवड वाईट नाही! पण समुद्राच्या आशेनं येणाऱ्यांनी एक ध्यानात घ्यावं. बुसान डोंगरांच्या फटींतून पसरलेलं लांबलचक शहर आहे. शाळा पश्चिमेच्या औद्योगिक भागात मिळाली तर हेउंदेला मेट्रोनं जायला तास लागतो. बोरिवलीला राहून 'आम्ही मरीन ड्राइव्हच्या गावात राहतो' म्हणण्यासारखं!

बुसानची बोलीही वेगळी. ग्यॉन्गसांग भागातली ही बोली ठसकेबाज. दोन माणसं साधं बोलत असली तरी नवख्याला भांडतायत असं वाटतं. कोल्हापूरकडच्यांना ऐकून घरी आल्यासारखं वाटेल. बुसानच्या शेजारी गिमहे नावाचं शहर आहे, हलक्या रेल्वेनं जोडलेलं. तिथं ह्यो ह्वांग-ओक या राणीची समाधी आहे. तेराव्या शतकातल्या एका कोरियन ग्रंथातल्या आख्यायिकेप्रमाणे ती इसवी सन 48 मध्ये 'आयुता' देशातून जहाजानं आली. आयुता म्हणजे अयोध्या, असं अनेक कोरियन लोक मानतात. अयोध्येत 2001 साली तिचं स्मारकही झालं. इतिहासकारांचं यावर एकमत नाही, पण आपण भारतीय घरातले आहोत म्हटल्यावर गिमहेच्या म्हाताऱ्या बायका ही गोष्ट काढल्याशिवाय राहत नाहीत, तेव्हा माहीत असलेली बरी. गिमहेत आशियाई कामगारांची मोठी वस्ती असल्यामुळे मसाले, डाळी, कोथिंबीर मिळते, हा आणखी व्यवहारी फायदा.

देगू डोंगरांच्या खोलगट वाटीत वसलंय, त्यामुळे उन्हाळ्यात भट्टी. कोरियन लोक त्याच्या नावाला 'आफ्रिका' जोडून थट्टा करतात. 1942 साली इथं पारा 40 अंशांवर गेला होता आणि तो कोरियाचा उच्चांक 2018 पर्यंत टिकला. नागपूर-अकोल्याच्या माणसाला यात काय विशेष, असं वाटेल. पण तिथला दमटपणा धरून बोला. शहर जुन्या वळणाचं, वडीलधाऱ्यांचा मान राखणारं. मेट्रोच्या तीन मार्गांपैकी एक 2015 पासूनची मोनोरेल. केटीएक्सनं सोल दोन तासांच्या आत.

देजॉनची जाहिरात कुणी करत नाही, म्हणूनच मी करतो. देशाच्या बरोबर मध्यावर, सोल तासाभरावर. काइस्ट ही नामांकित विज्ञान संस्था आणि संशोधन केंद्रांची वसाहत इथंच. त्यामुळे भारतीय विद्यार्थी, संशोधक बऱ्यापैकी. तरुण कोरियन लोक 'कंटाळवाणं शहर' म्हणून देजॉनची टर उडवतात आणि तरी 1956 पासूनच्या एका बेकरीच्या पावांसाठी लांबून येऊन तिथं रांगा लावतात! नवख्या शिक्षकाला थोडं कंटाळवाणं शहर मानवतं. संध्याकाळी भाषेचा वर्ग, रविवारी डोंगर, आणि शेजारचा दुकानदार नावानं ओळखतो.

नैऋत्येचं ग्वांगजू जेवणासाठी नावाजलेलं. मे 1980 मध्ये इथल्या नागरिकांनी लष्करी राजवटीविरुद्ध उठाव केला आणि तो रक्तात बुडवला गेला. 2024 चं साहित्याचं नोबेल मिळवणाऱ्या हान कांग याच शहरात जन्मल्या. शाळेत 18 मे आला की वातावरण बदलतं. त्या दिवशी वर्गात काय बोलावं, काय बोलू नये, हे आधी सहशिक्षकाला विचारून घ्यावं.

उल्सान म्हणजे ह्युंदाईची मोटार आणि जहाजं, मेट्रो नाही, पगारदारांचं खुशाल शहर. जेजू बेट फिरायला सुंदर. राहायला गेलं की दर वेळी विमान, आणि वारा.

मग लहान गावं? इथं जरा थांबतो, कारण सरकारी योजनेत गाव मिळण्याची शक्यता खरी आहे, आणि तसं पत्र हातात पडलं की मुलं रडकुंडीला येतात. कोरियात मुलंच कमी जन्मतायत. 2023 मध्ये सरासरी बाईमागे 0.72 मूल, जगातल्या सर्वांत खालच्या आकड्यांपैकी एक. त्याचा पहिला फटका गावच्या शाळांना. पन्नास-साठ मुलांची शाळा, एका वर्गात सहा-सात पोरं. इंग्रजीच्या परदेशी शिक्षकाला मग आठवड्यात दोन-तीन शाळा फिराव्या लागतात : सोमवार-मंगळवार इथं, बुधवार तिथं. त्यासाठी थोडा जादा भत्ता मिळतो. संध्याकाळी सहानंतर गाव चिडीचूप. ज्याला एकटेपणा सोसत नाही, ज्याचं औषधपाणी चालू आहे, त्यानं हे प्रामाणिकपणे स्वतःशी मान्य करावं आणि मोठ्या शहराचाच आग्रह धरावा. पण ज्याला शिकवण्याची खरी आवड आहे त्याला सात पोरांचा वर्ग म्हणजे पर्वणी. सोलच्या पंचवीस मुलांच्या वर्गात परदेशी शिक्षक म्हणजे आठवड्याचा एक तास, गावात तो 'आमचे सर' किंवा 'आमच्या बाई' होतो.

शाकाहाराविषयी स्पष्ट सांगितलेलं बरं. कोरियात भाज्या भरपूर, पण शुद्ध शाकाहारी पदार्थ कमी. किमचीत बहुधा खारवलेले मासे किंवा कोळंबी असते, साध्या भाजीच्या सुपालाही सुक्या माशाचा रस्सा. बौद्ध मठांचं जेवण शाकाहारी असतं, पण रोज मठात कोण जाणार? शाळेत दुपारी शिक्षक मुलांबरोबर भोजनगृहात जेवतात. शाकाहाऱ्यानं पहिल्याच दिवशी नम्रपणे सांगून डबा सुरू करावा. नंतर सांगितलं तर स्वयंपाकिणीला अपमान वाटतो. डाळ-पिठासाठी सोलचं इतेवॉन, सोलच्या दक्षिणेचं आन्सान, बुसानजवळचं गिमहे ही ठिकाणं. आणि आता तर फोनवर मागवलं की गावातल्या दारातही येतं. तेव्हा डाळीपायी शहर ठरवायची गरज उरलेली नाही. आईसाहेबांची माफी मागून!

भारतीय पासपोर्टवाल्यांची खिडकी राहिली. भारत आणि कोरिया यांच्यातला व्यापक आर्थिक भागीदारी करार 1 जानेवारी 2010 पासून लागू झाला. त्यात इंग्रजी विषयाची शिक्षक-पात्रता असलेल्या भारतीय पदवीधरांना शाळेत इंग्रजीचे सहायक शिक्षक म्हणून घेण्याची तरतूद आहे. तुमच्याकडे इंग्रजी घेऊन बी.एड. असेल तर अर्जाच्या वेळी एपिककडे याच कराराचा हवाला देऊन विचारा. पण ही सवलत शाळांपुरती आहे, हागवॉनसाठी नाही. एखादा एजंट 'पर्यटक व्हिसावर या, सोलच्या क्लासमध्ये लावून देतो' म्हणाला तर त्याला दारातूनच परत पाठवा. पकडलं गेलं की दंड, हकालपट्टी आणि पुढची कित्येक वर्षं दरवाजा बंद. एजंटाचं काहीच जात नाही. हिंदी शिकवू शकणाऱ्या उच्चशिक्षितांसाठी विद्यापीठांची वाट वेगळी. सोलच्या हांकुक परराष्ट्र भाषा विद्यापीठात हिंदी विभाग आहे, बुसानच्या परराष्ट्र भाषा विद्यापीठातही भारताचा अभ्यास शिकवतात. तिथं शहर निवडायचा प्रश्नच नाही, जागा असेल ते गाव आपलं!

तर टोरांटोच्या मुलीनं रकान्यात काय लिहावं? मी तिच्या जागी असतो तर सरकारी योजनेत लवकर अर्ज करून बुसान पहिलं, देजॉन किंवा देगू दुसरं लिहिलं असतं. सोल दुसऱ्या वर्षी. तोवर भाषा येते, माणसं ओळखीची होतात आणि नव्या करारात काय मागायचं ते कळतं. ही भाषा नंतरही वाया जात नाही. पुण्याजवळ रांजणगावला एलजी, तळेगावला ह्युंदाई, चेन्नईत तर कोरियन वसाहतच आहे. मधल्या शहरात ती भाषा कानावर पडत राहते, सोलमध्ये तिच्यासाठी क्लास लावावा लागतो.

कागदपत्रांना वेळ लागतो. शाळांची सत्रं मार्चमध्ये आणि ऑगस्टअखेर सुरू होतात. त्याआधी सहा महिने तयारी हवी. पदवी आणि पोलिसांचा दाखला, दोन्हींवर अपोस्टिल शिक्का. कॅनडात ही सोय जानेवारी 2024 पासून झाली, भारतात ती 2005 पासून आहे. शिक्षणशास्त्राची पदवी नसेल तर इंग्रजी अध्यापनाचा निदान शंभर तासांचा अभ्यासक्रमही करून ठेवावा.

आणि सही करण्यापूर्वी, हागवॉन असेल तर विशेषच, तिथं सध्या शिकवत असलेल्या शिक्षकाशी मालकाच्या गैरहजेरीत फोनवर बोलावं. त्याला शहर कसं आहे हे विचारू नका. गेल्या तीन महिन्यांचा पगार कोणत्या तारखेला आला, खोलीतून शाळेला चालत किती मिनिटं, हिवाळ्यात गॅसचं बिल किती येतं, आजारी पडल्यावर रजा मिळाली का, आधीचा शिक्षक का गेला, हे विचारा. मालक फोन जोडून द्यायला टाळाटाळ करत असेल तर उत्तर मिळालंच म्हणून समजा.

तिथं पोचल्यावर 90 दिवसांच्या आत रहिवासी ओळखपत्रासाठी नाव नोंदवायचं. ते हातात आलं की बँक, फोन, आरोग्यविमा सगळं सुरळीत होतं. दोन नंबर पोरीच्या फोनमध्ये आधीच घालून द्या : परदेशी नागरिकांच्या चौकशीसाठी 1345, तिथं इंग्रजीत बोलता येतं, आणि पगाराच्या तक्रारीसाठी कामगार मंत्रालयाचा 1350. कोरियाचं घड्याळ आपल्या साडेतीन तास पुढे असतं. इंदूरहून फोन करायचा तर संध्याकाळी सातच्या आत करावा, नाही तर तिकडे झोपायची वेळ झालेली असते.